तलाव कोणी बांधला? झाडीपट्टीतील एका गावाच्या इतिहासलेखनाचे प्रकरण

पार्श्वभूमी

हे गाव वैनगंगेच्या खोऱ्यात, झाडीपट्टी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या धानाच्या मुलखात आहे. गावाचे नाव व ओळखीच्या खुणा येथे मुद्दाम गाळल्या आहेत आणि काही व्यक्तींची नातीगोती व व्यवसायही बदलले आहेत. आठवडी बाजार, राइस मिली, हायस्कूल, बँका, एसटीचा थांबा आणि दिवाळीनंतर भरणारी मंडई नावाची जत्रा एवढ्या बळावर आसपासची खेडी या गावाला शहर म्हणतात. नागपूरकडची माणसे मात्र त्याला खेडेच समजतात. काही वर्षांपूर्वी ग्रामपंचायत जाऊन नगरपंचायत आली. वस्तीत कोहळी, पोवार, कुणबी, तेली, ढिवर, गोंड, कोष्टी, बौद्ध आणि मुसलमान अशी घरे आहेत, आणि बाजाराच्या मागे मातीकाम करणाऱ्या बेलदारांची थोडी.

गावाच्या पश्चिमेला मोठा तलाव आहे. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या चार जिल्ह्यांत असे सहा हजारांहून अधिक तलाव आहेत आणि सरकारी कागदांत त्यांना माजी मालगुजारी तलाव म्हणतात. बोलताना 'मामा तलाव'. गोंड राजवटीत जो तलाव बांधील त्याला त्याच्या पाण्याने भिजणारी जमीन मिळे, अशी परंपरा या भागात घरोघर सांगितली जाते. तलाव बांधण्यातील कोहळी समाजाचे कसब १९०८ च्या भंडारा जिल्हा गॅझेटिअरनेही नोंदवले आहे. पुढे १८५४ मध्ये इंग्रजांनी नागपूरचे भोसले राज्य खालसा केले, १८६१ मध्ये मध्य प्रांत निर्माण झाला, आणि त्या दशकातील जमीन महसुलाच्या बंदोबस्तात गावाचा वसूल गोळा करणाऱ्या पटेलांना व ठेकेदारांना गावाची मालकीच बहाल करण्यात आली. तेच मालगुजार. गावातील तलाव, पडीक जमीन, झाडोरा, आबादी हे सारे कागदावर त्यांचे झाले. ती मालकी १९५० च्या कायद्याने ३१ मार्च १९५१ रोजी संपली आणि तलाव राज्याकडे गेले. त्या वेळी हा मुलूख मध्य प्रदेशात होता. १९५६ मध्ये तो द्विभाषिक मुंबई राज्यात आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्रात आला. जिल्हा परिषदा १९६२ मध्ये स्थापन झाल्यावर लहान तलाव त्यांच्या लघुसिंचन विभागाकडे सोपवले गेले.

एवढा कायदेशीर तपशील आधीच सांगण्याचे कारण असे की, पुढे जो वाद झाला तो वरवर एका पुस्तकातील एका वाक्याचा होता, पण त्याच्या मुळाशी मालकी, बांधणी आणि वापर या तीन वेगळ्या गोष्टींची सरमिसळ होती.

पुस्तक काढण्याची कल्पना गावातील सार्वजनिक वाचनालयाची. स्वातंत्र्याच्या सुमारास शिक्षकांनी आणि दोन-तीन व्यापाऱ्यांनी सुरू केलेले हे वाचनालय १९६७ च्या ग्रंथालय अधिनियमानुसार शासनमान्य असून अनुदानावर कसेबसे चालते. अमृत महोत्सवानिमित्त नेहमीची स्मरणिका न काढता गावाचा इतिहास छापावा, असा ठराव कार्यकारिणीने केला आणि लेखनाचे काम एका निवृत्त मुख्याध्यापकांवर सोपवले. गावात सगळे त्यांना गुरुजी म्हणतात, म्हणून येथेही तेच संबोधन ठेवतो. जुने महसुली कागद वाचून देण्यापुरता माझा या कामाशी संबंध आला. पुढील कथन त्या ओळखीवर आणि समितीच्या इतिवृत्तांवर आधारलेले आहे.

प्रश्न कसा उभा राहिला

गुरुजींनी वर्षभर खपून मसुदा तयार केला. त्यांचा मुख्य आधार होता वाड्यावरची कागदपत्रे. माजी मालगुजार घराण्याने दप्तर मोकळेपणाने उघडून दिले होते, त्यात जुनी छायाचित्रे होती, शेतसाऱ्याच्या पावत्या होत्या, एका इंग्रज अधिकाऱ्याच्या भेटीचे पत्र होते. घराण्याने छपाईचा बराचसा खर्च उचलण्याची तयारीही दाखवली होती. साहजिकच मसुद्यात गावाचा इतिहास म्हणजे बहुतांशी त्या घराण्याचा इतिहास झाला. हेतू वाईट होता असे कोणीही म्हटले नाही आणि म्हणता येणारही नाही. ज्याच्याकडे दप्तर असते त्याच्याबद्दल लिहिणे सोपे जाते, आणि ज्याच्याकडे नसते त्याच्याबद्दल लिहायला घरोघर जावे लागते.

छपाईपूर्वी मसुद्याचे जाहीर वाचन व्हावे, असा आग्रह ग्रंथपालांनी धरला. वाचनाच्या दिवशी तलावाच्या प्रकरणातील पहिल्याच वाक्यावर सभा अडकली. घराण्याच्या मूळ पुरुषाने हा तलाव स्वखर्चाने बांधला, असे ते वाक्य होते.

पहिली हरकत एका वृद्ध कोहळी शेतकऱ्याची. तलाव मालगुजारांच्या आधीपासूनचा आहे, ते घराणे वसुलीचे ठेकेदार म्हणून नंतर आले आणि त्यांनी फार तर फुटलेली पाळ, म्हणजे तलावाचा बांध, दुरुस्त केली, असे त्यांचे म्हणणे. दुसरी हरकत मत्स्य सहकारी संस्थेच्या अध्यक्षांची. ढिवर समाजाचा उल्लेख संपूर्ण मसुद्यात 'मासेमारीही चालते' एवढ्या दोन शब्दांत आटोपला होता. तलावाच्या कोणत्या भागात किती खोल पाणी, मरळ कुठे सापडते, कोणत्या कोपऱ्यात शिंगाडा लावायचा, हे ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे त्यांना तलावाच्या इतिहासात जागा नाही, हे त्यांना खटकले. बेलदार वस्तीतील एक म्हातारा मागे बसला होता. तो एवढेच म्हणाला, "पैसा कोनाचाबी असन जी, माती त आमच्या आज्यानं वाहली."

खरा पेच मात्र यानंतर उभा राहिला. बौद्ध वस्तीतील एका निवृत्त टपाल कर्मचारी बाईंनी विचारले की, तलावावर जातीजातींचे घाट वेगळे होते आणि त्यांच्या वस्तीचा घाट ढोरे धुण्याच्या जागेच्याही पलीकडे, सलंगाजवळ होता, हे पुस्तकात येणार का? जादा पाणी वाहून जाण्याच्या सांडव्याला येथे सलंग म्हणतात. म्हणजे साऱ्या गावाने वापरलेले पाणी शेवटी त्या घाटाशी येत असे. सभेत काही काळ कोणी बोलले नाही. मग एकाच वेळी पुष्कळ जण बोलू लागले. आता सगळे मिळून राहतात, जुने कशाला उकरायचे, लहान मुले हे पुस्तक वाचतील, असा एक सूर होता. दुसरा सूर असा की, हे लिहायचे नसेल तर पुस्तकावर 'गावाचा इतिहास' असे छापू नये.

गुरुजींनी घाटांबाबत लेखी पुरावा मागितला. मागणी रीतसर होती, पण ग्रंथपालांनी तेथेच दाखवून दिले की, 'स्वखर्चाने बांधला' या विधानालाही घराण्यातील सांगोवांगीपलीकडे आधार नव्हता. पुराव्याची पट्टी दोन्हीकडे सारखी लावायला हवी होती आणि ती लावलेली नव्हती. संपूर्ण प्रकरणात मला हा मुद्दा सर्वांत महत्त्वाचा वाटतो.

समोर असलेले पर्याय

समितीपुढे चार मार्ग होते आणि त्यांवर पावसाळाभर चर्चा चालली. रोवणीच्या दिवसांत बैठका बंद पडत, मग पोळ्यानंतर पुन्हा सुरू झाल्या. त्या खंडाचा फायदाच झाला. पहिल्या सभेतील राग तोवर निवला होता.

पहिला मार्ग मसुदा किरकोळ बदल करून छापण्याचा. महोत्सवाची तारीख जवळ आली होती, पैसा तयार होता, आणि हरकती परिशिष्टात घालू असे काहींचे म्हणणे होते. परिशिष्टात गेलेली गोष्ट कोणी वाचत नाही हे सर्वांना माहीत होते, त्यामुळे ही तडजोड फार काळ टिकली नाही.

दुसरा मार्ग वादाचा भाग गाळून साधी स्मरणिका काढण्याचा. पदाधिकाऱ्यांची छायाचित्रे, शुभेच्छा, राइस मिल आणि कृषी केंद्रांच्या जाहिराती. हा मार्ग सर्वांत सुरक्षित होता आणि दोन मतांनीच मागे पडला, हे नमूद करायला हवे.

तिसरा मार्ग वरकरणी सर्वांत न्याय्य दिसत होता. प्रत्येक समाजाने आपापले प्रकरण लिहून द्यावे आणि समितीने ते जसेच्या तसे छापावे, असा तो प्रस्ताव. बहुतेकांना तो पसंत होता आणि जवळजवळ मंजूरच झाला होता. मोडता घातला तो टपाल खात्यातील बाईंनीच. त्यांचे म्हणणे असे की, घाटाची गोष्ट फक्त बौद्ध वस्तीच्या प्रकरणात गेली तर ती त्यांची एकट्यांची तक्रार ठरेल. घाट तर साऱ्या गावाने पाळले होते. शिवाय ज्यांच्यात लिहिणारा कोणी नाही त्या बेलदारांचे आणि गोंडांचे काय? मंडई, बाजार, पटाची म्हणजे बैलांच्या शर्यतीची जत्रा, दंडार हे लोकनाट्य, या गोष्टी कोणत्या प्रकरणात घालायच्या? दंडारीत एका पार्टीत निरनिराळ्या जातींची माणसे नाचतात, ढोलकीवाला एका वस्तीचा आणि बायकांचे सोंग घेणारा दुसऱ्या वस्तीचा असतो. जातवार प्रकरणे केली की जे सगळ्यांचे तेच नेमके निसटते.

चौथा मार्ग या चर्चेतूनच निघाला. घराणी किंवा जाती यांच्याऐवजी जागा धरून लिहायचे: तलाव, बाजार, रेल्वे स्टेशन, शाळा, मंडईचे पटांगण. प्रत्येक जागेबद्दल तीन प्रश्न विचारायचे. ती कोणी उभी केली असे कोण सांगते, ती कोणाच्या नावावर होती, आणि ती कोण कशासाठी वापरत असे? उत्तरे जुळली नाहीत तर सगळी छापायची आणि प्रत्येकाखाली ते कागदावरून घेतले की तोंडी सांगण्यावरून, हे लिहायचे. यात वेळ जाणार होता आणि महोत्सवाची तारीख हुकणार होती. समितीने तारीख सोडली. अमृत महोत्सव भाषणे आणि पुस्तक-प्रदर्शनावर उरकला, पुस्तक पुढे ढकलले गेले.

काय केले

सर्वप्रथम पैशाचा प्रश्न सोडवला. एका घरातून ठरावीक रकमेपेक्षा जास्त देणगी घ्यायची नाही आणि देणगीदारांची नावे रकमेशिवाय, अकारविल्हे छापायची, असा ठराव झाला. मालगुजार घराण्यातील वडीलधाऱ्यांना हा अपमान वाटला. त्यांनी देऊ केलेली रक्कम मागे घेतली आणि छायाचित्रेही परत मागवली. समितीने ती त्याच आठवड्यात परत केली, तीही प्रती काढून न ठेवता. काहींना हा भाबडेपणा वाटला, पण पुढे त्याचा उपयोग झाला.

दुसरे काम सरकारी दप्तर पाहण्याचे. बंदोबस्ताच्या वेळी प्रत्येक गावाचा 'वाजिब-उल-अर्ज' तयार होत असे; त्यात गावातील रूढ हक्क, पाणी, चराई, वाटा यांच्या नोंदी असत. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ मध्येही विदर्भातील गावांसाठी कलम १६१ मध्ये निस्तार पत्रक आणि कलम १६५ मध्ये वाजिब-उल-अर्ज यांची तरतूद आहे. गावकऱ्यांना निस्तार हा शब्द माहीत होता, जळणाचे लाकूड आणि गुरांचे पाणी यांच्याशी त्याचा संबंध आहे हेही माहीत होते, पण आपल्या गावाचे पत्रक प्रत्यक्ष पाहिलेले कोणी नव्हते. नकलेसाठी अर्ज, शिक्का, शुल्क, 'दप्तर सापडत नाही, पुढच्या आठवड्यात या' हे सारे रीतीप्रमाणे झाले. शेवटी जीर्ण पानांच्या नकला मिळाल्या. काही मजकूर मोडीत होता, शब्द फारशी वळणाचे होते, आणि मोडी जाणणारे एक गृहस्थ शोधावे लागले.

कागदाने कोणाचीच बाजू पूर्ण घेतली नाही. तलाव आधीपासूनचा असल्याचे त्यात होते, पण तो कोणी बांधला हे नव्हते. मालकी मालगुजाराची होती. पाळ फुटली तर ज्यांची धानाची बांधी तलावाखाली आहे त्या प्रत्येक घराने माणूस द्यावा, कमी पावसाच्या वर्षी पाणी कोणत्या क्रमाने सोडावे, गुरांनी कोणत्या बाजूने पाण्यावर उतरावे, येव्याच्या, म्हणजे तलावात पाणी आणणाऱ्या, नाल्यात कोणी बांध घालू नये, असे नियम त्यात होते. घाटांच्या जातवार वाटणीबद्दल एक अक्षरही नव्हते. ज्या रूढीने रोजचे जगणे बांधलेले होते तिची नोंद रूढींच्याच कागदात नाही, हे पाहिल्यावर गुरुजींनी आपला लेखी पुराव्याचा आग्रह स्वतःहून सोडला. मनाचा मोठेपणा लागतो त्याला.

तिसरे काम पाळीवर चालण्याचे होते आणि माझ्या मते पुस्तक खऱ्या अर्थाने तेथे लिहिले गेले. वाचनालयाच्या खोलीत बोलावलेल्या बैठकींना पुरुषच येत आणि त्यांतही बोलणारे ठरलेले. त्याऐवजी उन्हाळ्यात, पाणी उतरल्यावर, जाणत्या माणसांना घेऊन पाळीवरून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालायचे आणि शाळेतील मुलांनी नकाशावर खुणा करायच्या, असे ठरले. पिढीजात पाणकर घराण्यातील आजोबांनी तुडुमाची, म्हणजे पाणी सोडण्याच्या मोरीची, रचना समजावून दिली: कोणते भोक कधी उघडायचे, पाण्याची पातळी उतरेल तसे वरून खाली कसे येत जायचे, परे, म्हणजे धानाची रोपे, लावताना पहिले पाणी कोणाचे. ढिवरांनी पाण्याखालच्या जागांची नावे सांगितली. कटला, रोहू, मृगळ यांचे बीज सोडायला लागल्यापासून ठेक्याचे उत्पन्न वाढले, पण बेशरम नावाचे तण आणि गाळ यांनी काठाची पाणवनस्पती गेली आणि जुने मासे दिसेनासे झाले, हेही त्यांनीच सांगितले. बायकांसाठी वेगळा फेरा ठेवला आणि तो टपाल खात्यातील बाईंनी व अंगणवाडीच्या ताईंनी चालवला. घाटांची खरी माहिती तेथे मिळाली, कारण घाटावर रोज जाणाऱ्या त्याच होत्या. कोणत्या वस्तीच्या बायकांनी कोणत्या दगडापर्यंत यायचे, घागर कोणाची कोणाला लागली तर काय होई, हे सवर्ण घरांतील म्हाताऱ्यांनीही आडपडदा न ठेवता सांगितले.

हे वेगळे घाट कधी संपले, या प्रश्नाचे उत्तर मात्र एक मिळाले नाही. राज्यघटनेच्या अनुच्छेद १५ मध्ये विहिरी, तलाव आणि स्नानघाट यांचा नाव घेऊन उल्लेख आहे आणि घटना २६ जानेवारी १९५० रोजी अमलात आली. हा तलाव तर त्यानंतरही वर्षभर मालगुजाराच्या नावावरच होता. बौद्ध वस्तीतील आठवण अशी की, १९५४ च्या भंडारा लोकसभा पोटनिवडणुकीत बाबासाहेब स्वतः उभे होते तेव्हा वस्तीत धीर आला, आणि १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरला दीक्षा घेऊन परतलेल्या माणसांनी सलंगाजवळचा घाट कायमचा सोडला. इतर वस्त्यांतील काहींचे म्हणणे असे की, नळयोजना आली, घाटावर जाण्याची गरजच उरली नाही आणि भेद आपोआप मिटला. दोन वृद्ध बायकांनी तिसरेच सांगितले: एका कोरड्या वर्षी तलावात मध्यभागीच पाणी उरले, तेव्हा सगळ्यांना एकाच जागी उतरावे लागले आणि नंतर कोणी मागे सरकले नाही. समितीने तिन्ही कथने एकाखाली एक छापली. त्यांतील दुसऱ्या कथनाविषयी मला शंका आहे. भेद आपोआप मिटले असे सांगणारे बहुधा ते असतात ज्यांना भेदाचा त्रास झालेला नसतो. पण समितीने स्वतःचे भाष्य न करण्याचे ठरवले होते आणि ते पाळले.

एक नाजूक निर्णय दंतकथेबाबत घ्यावा लागला. पाळ टिकत नव्हती म्हणून नवपरिणीत जोडपे तिच्यात गाडले, अशा कथा या भागातील अनेक तलावांशी जोडलेल्या आहेत आणि येथेही पाळीवरील एका दगडाला आजही हळदकुंकू वाहिले जाते. कथेत जोडप्याची जात सांगितली जाते. ती छापली तर एका समाजाला दुखावणार, गाळली तर कथेचा अर्थच बदलणार. समितीने त्या समाजातील जाणत्यांना विचारले. त्यांनी जात छापावी असे सांगितले, मात्र 'बलिदान दिले' असे न लिहिता 'बळी घेतला' असे लिहावे, ही अट घातली. कथा त्याच शब्दांत छापली गेली.

निष्पत्ती

पुस्तक ठरल्यापेक्षा बरेच उशिरा निघाले. तलावाचे प्रकरण सर्वांत मोठे झाले आणि त्याची सुरुवात मालकाच्या नावाऐवजी तुडुमाच्या वर्णनाने झाली. 'स्वखर्चाने बांधला' हे विधान 'घराण्यात असे सांगितले जाते' या शब्दांत, कोहळी शेतकऱ्यांच्या आणि बेलदारांच्या सांगण्याशेजारी आले. प्रकाशनाला काही प्रतिष्ठित कुटुंबे आली नाहीत. मालगुजार घराण्यातील वडीलधारी मंडळीही आली नाहीत, मात्र पुण्याला नोकरी करणारी त्यांची नात पुढे सुटीत आली तेव्हा तीच परत केलेली छायाचित्रे घेऊन वाचनालयात आली. त्यांतील एकात पाळीचे काम चालले आहे, टोपल्या घेतलेल्या बायकांची रांग आहे, आणि कडेला खुर्चीवर मालगुजार बसलेले आहेत. एवढ्या वादानंतर सगळ्यांचे म्हणणे एकाच छायाचित्रात निघावे याची गावात बरीच गंमत झाली.

एक परिणाम कोणाच्याही मनात नव्हता. पुस्तक छापले जात असतानाच तलावाच्या सौंदर्यीकरणाचा आराखडा पुढे आला. पाळीवर फरसबंदीचा फिरण्याचा रस्ता, दिवे, बाके आणि काठाला सिमेंटची भिंत असा तो होता. भिंत झाली असती तर गुरे पाण्यावर उतरण्याची वाट बंद झाली असती आणि तुडूम रस्त्याखाली गाडला गेला असता. पुस्तकासाठी काढलेल्या नकला हाती असल्यामुळे शेतकरी, मत्स्य संस्था आणि वाचनालय यांनी मिळून हरकत नोंदवली. या तिघांनी एका कागदावर सह्या केल्याचे यापूर्वी कोणाला आठवत नव्हते. रस्ता झाला, पण गुरांच्या उताराजवळ भिंत सोडली गेली आणि तुडुमापर्यंत जायला पायऱ्या ठेवल्या. येव्याच्या नाल्याबाबत मात्र उशीर झालेला होता. वाजिब-उल-अर्जाने ज्या नाल्यात बांध घालायला मनाई केली होती त्याच्या काठावर भूखंड पाडून विकले गेले होते, काही घरेही उभी होती, आणि तेथे राहणारी माणसे कर्ज काढून आलेली होती. त्या नाल्यासाठी अजून काही झालेले नाही आणि कमी पावसाच्या वर्षी तलाव भरायला पूर्वीपेक्षा वेळ लागतो.

वेगळे काय करता आले असते

मसुदा पूर्ण झाल्यावर वाचन ठेवण्याऐवजी कामाला लागतानाच पाळीवर फेरा काढला असता तर गुरुजींची वर्षभराची मेहनत आणि घराण्याशी आलेला दुरावा दोन्ही टळले असते. लिहून झालेल्या मजकुरावर हरकत घेतली की ती माणसावरची हरकत वाटते. गुरुजींनी ती सोसली, पण दुसऱ्या एखाद्याने काम अर्ध्यावर टाकले असते.

देणगीचा ठरावही मसुद्याच्या वादानंतर न करता आधी करायला हवा होता. नियम योग्य होता, पण तो आला अशा वेळी की एकाच घराला उद्देशून केल्यासारखा दिसला. वाडा आणि वाचनालय यांच्यात त्यामुळे जी अढी बसली ती थोरल्या पिढीत अद्याप गेलेली नाही.

तिसरी गोष्ट अधिक अवघड आहे. कथने शेजारी शेजारी छापायची आणि समितीने निवाडा करायचा नाही, हे धोरण घाटांच्या बाबतीत पुरेसे होते का? एका बाजूला प्रत्यक्ष सोसलेल्यांची आठवण आणि दुसऱ्या बाजूला न सोसलेल्यांचा समज, या दोन्हींना सारखीच जागा देणे म्हणजे समतोल नव्हे, असे बाईंनी प्रकाशनानंतर स्पष्ट सांगितले आणि मला त्यांचे म्हणणे पटते. सांगणाऱ्याचे नाव नाही तरी वय आणि वस्ती प्रत्येक कथनाखाली छापली असती, तर कोण कोठे उभे राहून बोलत आहे हे वाचकाला कळले असते. समितीने ती नोंद ठेवलेली होती. गावात ओळखायला वेळ लागत नाही आणि त्यातून भांडणे होतील, या भीतीने ती गाळली गेली. भीती निराधार नव्हती.

दुसऱ्या आवृत्तीची तयारी सध्या सुरू आहे. सांगणाऱ्यांची संमती घेऊन वय व वस्ती छापण्याचे ठरले आहे, टोपल्या घेतलेल्या बायकांचे छायाचित्र तलावाच्या प्रकरणात येणार आहे, आणि त्या बायकांपैकी कोणाची ओळख पटते का हे विचारण्यासाठी त्याची मोठी प्रत वाचनालयाच्या दारात लावलेली आहे. बाजाराचे प्रकरण पहिल्या आवृत्तीत फारच त्रोटक राहिले होते. कोष्ट्यांची लुगडी, धानाचे दलाल, आणि बाजाराच्या दिवशी कोणाच्या हातचे पाणी कोण पीत असे, हे त्यात यायचे आहे. त्या कामासाठी गुरुजींनी आठवडी बाजारातच बसायला सुरुवात केली आहे.